कावीळ उतरते, विषाणू राहतो

आपल्या वऱ्हाडात कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले, की दवाखान्याच्या आधी कावीळ उतरवणाऱ्याचे घर आठवते. कोणी गळ्यात काविळीची माळ घालतो, कोणी नाकात औषधाचे थेंब सोडतो, कोणी रोग्याचे हात चुन्याच्या पाण्याने धुऊन पाणी कसे पिवळे झाले ते दाखवतो. माळ दिवसागणिक सैल होत लांबत जाते आणि दोन-चार आठवड्यांत रोगी हिंडू-फिरू लागतो. रोगी बरा होतो, ही गोष्ट खोटी नाही. ती नाकारून खेड्यातल्या माणसाशी बोलायला गेलो तर तो आपले पुढचे ऐकून घेणार नाही. प्रश्न दोनच आहेत. तो माळेने बरा होतो काय? आणि बरा झालेला दिसणारा प्रत्येक जण खरोखर बरा झालेला असतो काय?

या दोन प्रश्नांची उत्तरे कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असली पाहिजेत. कारण हा विषय जितका वैद्यकाचा आहे तितकाच अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा आणि शेजारधर्माचाही आहे.

एक नाव, अनेक रोग

कावीळ हा मुळात रोग नव्हे. ते लक्षण आहे. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली किंवा पित्ताची वाट अडली, की हे द्रव्य रक्तात साठते आणि डोळे, कातडी, लघवी पिवळी दिसू लागते. यकृताच्या या सुजेला वैद्यकात हिपॅटायटीस म्हणतात. ती मुख्यतः पाच विषाणूंमुळे येते: ए, बी, सी, डी आणि ई.

यांतील ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. पावसाळ्यात गटाराचे पाणी नळात शिरले की गावात काविळीची साथ येते, ती बहुधा यांचीच. या दोन्ही प्रकारांत बहुतेक रोग्यांचे शरीर काही आठवड्यांत विषाणूचा आपोआप नायनाट करते. (गरोदर स्त्रीला ई प्रकार मात्र जिवावर बेतू शकतो, हे विसरू नये.) माळेचे यश ते हेच. रोग आपल्या मुदतीने जातो आणि श्रेय माळेला मिळते.

बी आणि सी यांची गोष्ट वेगळी आहे. हे रक्तावाटे पसरतात आणि कित्येकांच्या शरीरात कायमचे बिऱ्हाड करतात. सहा महिन्यांहून अधिक काळ विषाणू टिकला, म्हणजे तो जुनाट हिपॅटायटीस. यात कावीळ दिसेलच असे नाही. पुष्कळांना ती कधीच होत नाही. काहींना होते आणि उतरते. माणूस शेतात राबतो, बाजाराला जातो, लग्नात जेवतो. आत यकृतावर मात्र वणांची जाळी धरत असते. वीस-तीस वर्षांनी एखाद्या दिवशी पोटात पाणी होते, ज्याला आपण जलोदर म्हणतो. रक्ताची उलटी होते, किंवा यकृताच्या कर्करोगाचे निदान होते. डोळ्यांची कावीळ उतरली म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाचा विषाणू उतरलेला नसतो.

या विषाणूंचा शोध लागून फार काळ लोटलेला नाही. बारूख ब्लूमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अपरिचित प्रथिन आढळले. त्याचे संशोधन १९६५ साली प्रसिद्ध झाले. तेच पुढे बी विषाणूचे कवच ठरले. या कार्यासाठी १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै. तोच आज जागतिक हिपॅटायटीस दिन म्हणून पाळला जातो. सी विषाणूची ओळख १९८९ साली पटली आणि त्याबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०२० साली नोबेल मिळाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात बी चे सुमारे २५ कोटी ४० लाख आणि सी चे ५ कोटी रुग्ण होते. त्यांपैकी आपल्या देशात बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे सुमारे ५५ लाख. त्या एका वर्षात जगभर विषाणूजन्य हिपॅटायटीसने १३ लाख माणसे दगावली. यांतील बहुसंख्यांना आपल्याला हा रोग आहे, हेच ठाऊक नव्हते.

तो येतो कोठून?

बी विषाणूची सर्वांत मोठी वाट आईकडून बाळाकडे जाते. बाळंतपणाच्या वेळी लागण झालेल्या दहा बाळांपैकी नवांच्या शरीरात तो कायमचा राहतो. उलट, धडधाकट प्रौढ माणसाला लागण झाली तर शंभरात पाचांहून कमी जणांतच तो टिकतो. म्हणून जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला लस टोचणे हे सर्वांत मोलाचे काम. आपल्या देशात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ साली स्वदेशी लस बाजारात आणली आणि तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. तरी सरकारी लसीकरणात ती देशभर पोचायला २०११ उजाडले. याचा अर्थ असा, की आज पदवीच्या वर्गात बसलेले पुष्कळ विद्यार्थी ही लस न मिळताच वाढलेले असू शकतात. त्यांनी घरी जाऊन आपले लसीकरणाचे कार्ड एकदा काढून पाहावे.

दुसरी वाट सुईची व रक्ताची. एकच सिरिंज अनेकांना वापरणे, यात्रा-जत्रेत एकाच सुईने गोंदून घेणे, दुसऱ्याचा वस्तरा वापरणे, तपासणी न केलेले रक्त चढवणे. गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे बी ची साथ पसरून अनेक माणसे मेली. अमिताभ बच्चन यांना १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात अपघात झाला, तेव्हा दिलेल्या रक्तातून बी ची लागण झाली आणि ती कित्येक वर्षे लक्षात आली नाही, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. रक्तपेढ्यांत सी ची तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. त्यापूर्वी ज्यांना रक्त चढले, किंवा थॅलेसेमिया-सिकलसेलसारख्या रोगामुळे ज्यांना वारंवार रक्त घ्यावे लागते, त्यांनी तपासणी अवश्य करून घ्यावी. तिसरी वाट शरीरसंबंधाची. ती प्रामुख्याने बी ला लागू पडते.

एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्याल्याने, हात हातात घेतल्याने किंवा शेजारी बसल्याने हा रोग पसरत नाही. ही गोष्ट ठसवून सांगण्याचे कारण पुढे येईलच.

औषध आहे

सी विषाणूवर आज जे औषध आहे त्याने रोग समूळ जातो. सोफोसबुविर व डाक्लाटासविर या गोळ्या रोज एकदा, बारा आठवडे. यकृत आधीच निबर झाले असेल तर सोफोसबुविरसोबत वेल्पाटासविर. बारा आठवडे म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. सोयाबीन पेरून ते कापणीला येण्याइतकेही दिवस नव्हेत! गोळ्या संपल्यावर पुन्हा बारा आठवड्यांनी रक्त तपासतात. शंभरातील पंचाण्णवांच्या आसपास रोग्यांच्या रक्तात तेव्हा विषाणू सापडत नाही. पूर्वी यासाठी इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ताप, अंगदुखी, नैराश्य सोसूनही निम्म्याच्या आसपास रोगी बरे होत, आणि खर्च लाखांत जाई.

बी चे तसे नाही. टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर यांची रोज एक गोळी विषाणूला दाबून ठेवते, यकृत वाचवते, कर्करोगाचा धोका कमी करते. पण बहुधा त्याला हुसकून लावत नाही. म्हणून गोळी वर्षानुवर्षे, कित्येकदा जन्मभर घ्यावी लागते. शिवाय बी असलेल्या प्रत्येकाला लगेच औषध लागतेच असे नाही. यकृताची सूज किती, रक्तात विषाणू किती, वण किती पडले, हे पाहून डॉक्टर ठरवतात. ज्यांना औषध लागत नाही त्यांनीही ठराविक काळाने तपासणी करावीच लागते. आणि सुरू केलेली गोळी आपल्या मनाने बंद करणे घातक; दबलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते.

एका गोळीची किंमत

आता या कथेतील अर्थशास्त्र पाहू. सोफोसबुविरला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली. गिलियड या कंपनीने किंमत ठेवली एका गोळीला १,००० डॉलर. चौऱ्याऐंशी गोळ्यांचे ८४,००० डॉलर. त्या वेळच्या दराने हे पन्नास लाख रुपयांहून अधिक झाले. वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याने सारी जमीन फुंकली तरी हे औषध त्याच्या हाती लागले नसते.

मग ते आपल्यापर्यंत आले कसे? त्याची मुळे १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात आहेत. या कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी न देता केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर दिली. त्यामुळे तेच औषध निराळ्या पद्धतीने करणारे कारखाने देशात उभे राहिले. २००५ साली आंतरराष्ट्रीय व्यापार कराराप्रमाणे कायदा बदलला आणि पदार्थावरही पेटंट मिळू लागले; पण तोवर कारखाने आणि कसब दोन्ही तयार होते. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने सात भारतीय कंपन्यांना सोफोसबुविर बनवण्याचा परवाना दिला. मार्च २०१५ मध्ये हैदराबादच्या नाटको कंपनीने अठ्ठावीस गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना आणली; म्हणजे तीन बाटल्यांचे ५९,७०० रुपये. पन्नास लाखांवरून साठ हजारांवर! पुढे स्पर्धेने किंमत आणखी उतरली.

परंतु रोजमजुरी करणाऱ्याला साठ हजारही पन्नास लाखांइतकेच दूर असतात. म्हणून पुढचे पाऊल सरकारने उचलणे आवश्यक होते. पंजाबात सी चा फैलाव मोठा. त्या राज्याने २०१६ साली खास निधी उभारून जिल्हा रुग्णालयांतून हे औषध फुकट देण्यास आरंभ केला. तेथे हजारो रोगी बरे झाले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी साध्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीही हा उपचार करता येतो, हे सिद्ध झाले. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी यांची तपासणी व औषधे सरकारी उपचार केंद्रांतून मोफत देण्याची तरतूद आहे.

मग अडते कोठे?

औषध फुकट झाले, म्हणजे प्रश्न सुटला असे वाटेल. तसे होत नाही. गोळी फुकट असली तरी गोळीपर्यंतचा रस्ता फुकट नसतो.

धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. मेळघाटातील माणसाला एका तपासणीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते. सोबत एक माणूस आला तर त्याचीही. पहिल्या दिवशी रक्त द्यायचे, अहवाल नंतर, मग सोनोग्राफी, मग डॉक्टरांचा दिवस वेगळा. तेल्हारा-पातूरकडचा शेतकरी अकोल्याला आला तरी त्याची गत फार निराळी नाही. पेरणीचे आणि कापूस वेचणीचे दिवस असले तर तो येतच नाही. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? पुष्कळदा सरकारी केंद्राची माहिती होण्याआधीच त्याने खाजगी तपासण्यांत बियाण्याचे पैसे घालवलेले असतात. खिसा रिकामा झाल्यावर त्याला कोणी सांगते, की हे सारे फुकट होते.

दुसरी अडचण योजनांच्या रचनेत आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती होते. हीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. ही योजना मोलाची आहे. पण तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. जुनाट हिपॅटायटीसचा उपचार म्हणजे घरी बसून रोज घ्यायची गोळी. तिला खाट लागत नाही. त्यामुळे कार्ड घेऊन आलेल्या रोग्याला "यात बसत नाही" असे ऐकावे लागते आणि तो परत फिरतो. त्याला कोणीतरी सांगायला हवे, की बाबा, हे कार्डाचे काम नव्हे. याचा कार्यक्रम वेगळा आहे, खिडकी वेगळी आहे.

तिसरी अडचण रोगाच्या स्वभावातच आहे. "मले काहीच तरास नाही, मंग गोळ्या काहून खाऊ?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो अगदी तर्कशुद्ध आहे. दुखत नाही त्यावर कष्टाचा पैसा आणि दिवस कोण घालवील? याचे उत्तर धाकाने देता येत नाही. "काका, कपाशीवर अळी दिसली की मग फवारता, की अंडी दिसली तवाच?" असे विचारले तर ते पटते.

चौथी अडचण लाजेची. रक्ताचा रोग म्हटला की लोक भलतेच अर्थ काढतात. सुनेचा अहवाल आला तर तिला माहेरी धाडतात. तिचे ताट वेगळे करतात. वस्तुतः तिला तो तिच्या आईकडून जन्मतःच मिळालेला असू शकतो. ताट वेगळे करून कोणाचेच रक्षण होत नाही. रक्षण होते ते घरातील इतरांची तपासणी आणि लसीकरण करून.

आपल्या मातीतील धडे

रोग्याला औषधापर्यंत नेण्याचा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या केवळ यात्रेकरूंसाठी नव्हेत. मुंबईला जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांचे नातलग फुटपाथवर पडतात, हे पाहून तेथेही निवारा उभा केला. आज दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे कर्करुग्ण राहतात. उपचाराच्या खर्चात राहण्याचा आणि जेवण्याचा खर्च धरायचा असतो, हे त्या निरक्षर संताने ओळखले होते.

डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापून अमरावतीला तपोवन उभारले. कुष्ठरोग्याला घराने टाकले होते. त्यांनी आधी त्याला माणसात घेतले, हाताला काम दिले, आणि उपचार त्या सोबतीने चालले.

वर्धा नदीपलीकडे सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. सुगीत प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याचे धान्य जास्त. त्या बदल्यात गावात प्राथमिक उपचार आणि कस्तुरबा रुग्णालयात सवलत. शेतकऱ्याजवळ पैसा असतो तो सुगीत, आणि तोही धान्याच्या रूपात. हे ध्यानात घेऊन आखलेली ही योजना होती.

या तिन्ही उदाहरणांत औषधाइतकेच महत्त्व औषधाभोवतीच्या व्यवस्थेला आहे.

विद्यार्थी काय करू शकतात?

विद्यार्थी मित्रहो, आपल्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेची रक्तदान शिबिरे होतात. दिलेली प्रत्येक बाटली बी व सी साठी तपासली जाते. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या रक्तात विषाणू असल्याचे आयुष्यात प्रथम कळते ते रक्तपेढीच्या बोलावण्यावरून. असे बोलावणे आले तर ते लपवून ठेवू नये आणि घाबरूही नये. ती प्राथमिक तपासणी असते. तिची खात्री करावी लागते. सी च्या बाबतीत तर चाचणी सकारात्मक येऊनही काही जणांचे शरीर विषाणूपासून केव्हाच मुक्त झालेले असते. विषाणू खरोखर आहे काय, हे आर.एन.ए. चाचणीने कळते.

पुढचा क्रम सोपा आहे. खाजगी प्रयोगशाळेत पैसे भरण्याआधी अमरावतीकरांनी जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या इर्विनमध्ये, आणि अकोलेकरांनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात जाऊन हिपॅटायटीस कार्यक्रमाची चौकशी करावी. उपचार केंद्र कोणते, कोणत्या वारी जायचे, ते विचारून घ्यावे. ओळखपत्र आणि आजवरचे सारे अहवाल एका पिशवीत जवळ ठेवावे. कोणती चाचणी येथे होते, कोणता नमुना बाहेर जातो आणि अहवाल केव्हा मिळेल, हे कागदावर लिहून घ्यावे; त्याने एखादी फेरी वाचते. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ज्येष्ठांनाही सवलत आहे. फेऱ्यांचा हिशेब करताना ते ध्यानात असावे. आई-वडील, भावंडे, नवरा-बायको यांची तपासणी करून ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी. दारू पूर्ण वर्ज्य करावी. अनोळखी जडीबुटीही टाळावी, कारण दुखऱ्या यकृताला तिचा भार सोसत नाही.

आणि सर्वांत मोठी मदत पैशाची नसतेच. गावातील एखादा काका अहवाल हातात घेऊन इर्विनच्या दारात उभा असतो. कोठल्या खिडकीशी जावे ते त्याला कळत नाही, विचारायला संकोच वाटतो, आणि चार वाजताची गाडी चुकेल म्हणून तो निघून जातो. शहरात शिकणाऱ्या पुतण्याने एक सकाळ त्याच्यासोबत काढली, चिठ्ठी काढून दिली, डॉक्टरांचे म्हणणे वऱ्हाडीत सांगितले आणि पुढची तारीख त्याच्या मोबाईलवर नोंदवली, तर उपचार सुरू होतो. पुढच्या महिन्यात "काका, गोळ्या आणल्या का?" एवढे विचारले, तर तो चालूही राहतो.

पन्नास लाखांचे औषध आज आपल्या जिल्ह्यात फुकट येऊन पडले आहे. शास्त्रज्ञांनी, कारखान्यांनी, कायद्याने आणि सरकारने त्याला जगाच्या एका टोकाहून येथवर आणले. उरलेले अंतर गावापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचे आहे. ते तोडायला कोणी शास्त्रज्ञ येणार नाही. तेथे ओळखीच्या माणसानेच सोबत जावे लागते.